विंडोज, मॅक की लिनक्स : लग्नाच्या छायाचित्रांच्या संपादनासाठी संगणक बदलताना

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचा छोटा स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, बारसे, डोहाळजेवण आणि शाळांची स्नेहसंमेलने ही आमची मुख्य कामे. संपादनाचा डेस्कटॉप असेंबल केलेला आहे. तो इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरवर चालतो आणि त्यावर विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागत असल्याने या यंत्रावर अधिकृतपणे पुढे जाता येत नाही. म्हणजे यंत्र बदलावे लागणारच आहे. आणि बदलायचेच असेल, तर त्याच वेळी विंडोज सोडून मॅक किंवा लिनक्स घ्यावे का, हा प्रश्न आहे.

आमच्या कामाची पद्धत अशी आहे. रॉ फाइल (कॅमेऱ्यातील मूळ, प्रक्रिया न केलेली छायाचित्रे) लाइटरूम क्लासिकमध्ये घेऊन निवड व रंगदुरुस्ती होते, निवडलेली छायाचित्रे फोटोशॉपमध्ये जातात, आणि बारा बाय छत्तीस इंचांची करिझ्मा अल्बमची शीट एका अल्बम डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होतात. ते सॉफ्टवेअर डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लावल्याशिवाय सुरू होत नाही आणि फक्त विंडोजवर चालते. शीटवरची मराठी नावे व ओळी जुन्या, युनिकोड (सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करण्याची सवय आहे. सगळा साठा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या हार्डडिस्कवर आहे. स्टुडिओत दोघे जण संपादन करतात.

मला वेगाच्या तक्त्यांपेक्षा हे जाणून घ्यायचे आहे की प्रत्यक्ष बदल करताना काय अडते, काय हरवते आणि काय सहज पार पडते. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सह्यगिरी

मी पुण्यात राहतो आणि विंडोजवरून मॅकवर आलो आहे. आपल्या प्रश्नातला लाइटरूमचा भाग सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो.

लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग (छायाचित्रांच्या व बदलांच्या नोंदींची फाइल) विंडोज आणि मॅक दोन्हींवर तसाच उघडतो, त्याचे रूपांतर करावे लागत नाही. वर्गणीही तीच चालते. एकाच खात्यावर दोन संगणक सुरू ठेवता येतात आणि त्यांपैकी एक विंडोज व दुसरा मॅक असला तरी हरकत नसते. कॅटलॉग मॅकवर उघडला की सर्व फोल्डरांपुढे प्रश्नचिन्हे दिसतात, कारण विंडोजवरचे डी, ई, एफ ही ड्राइव्हची अक्षरे मॅकवर अस्तित्वातच नसतात. यात घाबरण्यासारखे काही नाही, फक्त एक पूर्वतयारी विंडोजवरच करून ठेवावी: फोल्डरांच्या यादीत सर्वांत वरचे मूळ फोल्डर दिसेल अशी व्यवस्था करावी. मग मॅकवर त्या एका मूळ फोल्डरची नवी जागा दाखवली की त्याच्या पोटातील सर्व वर्षांची सर्व लग्ने आपोआप जुळतात. अन्यथा प्रत्येक लग्नाचे फोल्डर स्वतंत्रपणे जोडत बसावे लागते.

दुसरी पूर्वतयारी याहून महत्त्वाची आहे. केलेले बदल एक्सएमपी फाइलमध्येही (छायाचित्राशेजारच्या छोट्या नोंदफाइलमध्ये) लिहिले जावेत, ही सोय कॅटलॉगच्या सेटिंगमध्ये सुरू करावी आणि जुनी छायाचित्रे निवडून त्यांचा मेटाडेटा एकदा जतन करून घ्यावा. त्यामुळे तारांकने, कीवर्ड, क्रॉप आणि रंगदुरुस्ती रॉ फाइलच्या शेजारी स्वतंत्र लिहिली जाते आणि कॅटलॉगला इजा झाली तरी श्रम वाया जात नाहीत. मात्र कलेक्शन, व्हर्च्युअल कॉपी आणि संपादनाचा इतिहास एक्सएमपीमध्ये जात नाही. तो भाग कॅटलॉगमध्येच राहतो, म्हणून कॅटलॉगचीही प्रत हवीच.

प्रिसेट आणि फोटोशॉपच्या अ‍ॅक्शन दोन्हीकडे चालतात. प्लगइन चालत नाहीत. त्यांच्या मॅकसाठीच्या प्रती नव्याने बसवाव्या लागतात, आणि जुन्या प्लगइनची मॅकची प्रत कधीकधी नसतेच. वापरातील प्रत्येक प्लगइनचे नाव कागदावर लिहून त्याची चौकशी खरेदीच्या आधी करावी, असा माझा आग्रह आहे.

आता हार्डडिस्कविषयी. मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण तिच्यावर स्वतःहून लिहीत नाही. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागते, आणि ग्राहकाच्या लग्नाच्या एकमेव प्रतीवर मी तसे सॉफ्टवेअर वापरणार नाही. विंडोज आणि मॅक या दोन्हींमध्ये फिरणाऱ्या डिस्कसाठी एक्सफॅट हा मार्ग आहे. त्याची मर्यादा अशी की त्यात जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय) नसते, त्यामुळे लिहिणे चालू असताना केबल निघाली किंवा वीज गेली तर नुकसानीचा धोका अधिक असतो. म्हणून एक्सफॅट फक्त ने-आण करण्यासाठी आणि मॅकचा कायमचा साठा त्याच्या स्वतःच्या एपीएफएस पद्धतीवर, अशी विभागणी मला योग्य वाटते.

मॅकवर आलेल्या प्रत्येक छायाचित्रकाराला मी एक धोक्याची सूचना देतो. विंडोजमध्ये एकाच नावाचे फोल्डर दुसऱ्यावर कॉपी केले की दोन्हींतील फाइल एकत्र होतात. फाइंडरमध्ये तेच करताना ‘रिप्लेस’ हा पर्याय निवडला, तर आधीचे फोल्डर पूर्ण काढून त्या जागी नवे ठेवले जाते. हळदीचे फोल्डर एका कार्डावरून आणि त्याच नावाचे दुसरे फोल्डर दुसऱ्या कार्डावरून आणताना हा फरक जिवावर बेततो. कार्ड नेहमी वेगवेगळ्या नावांच्या फोल्डरमध्ये उतरवावे.

मांडवी

मी पणजीत राहते आणि माझे सर्व संपादन लिनक्सवर करते. लिनक्सविषयी बोलताना उत्साहाच्या भरात अर्धवट माहिती दिली जाते, म्हणून आधी जे नाही ते सांगते. लाइटरूम आणि फोटोशॉप लिनक्ससाठी उपलब्ध नाहीत. वाइनसारख्या (लिनक्सवर विंडोजचे कार्यक्रम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मार्गाने ती चालवण्याचे प्रयत्न होतात, पण ज्याला मंगळवारी ग्राहकाला अल्बम द्यायचा आहे त्याने त्यावर विसंबू नये. आपले डोंगलवर चालणारे सॉफ्टवेअरही तिथे येणार नाही, असेच धरून चाला.

जे आहे ते मात्र खरोखर चांगले आहे. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ संपादनाची मुक्त सॉफ्टवेअर परिपक्व झालेली आहेत, साठा सांभाळण्यासाठी डिजिकॅम आहे, आणि गिंपची ३.० आवृत्ती मार्च २०२५मध्ये आल्यापासून त्यात मूळ पिक्सेल न बदलता फिल्टर लावता येतात. डार्कटेबलची विचारसरणी लाइटरूमपेक्षा वेगळी आहे. तिथे एका सरकपट्टीने सावल्या उजळण्याऐवजी प्रकाशाचा मूळ विस्तार आधी सांभाळला जातो आणि तो पडद्याच्या मर्यादेत कसा बसवायचा हे नंतर ठरते. ही पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो, परंतु मांडवातील पिवळ्या दिव्यांचा आणि बाहेरच्या उन्हाचा मिश्र प्रकाश असलेल्या चित्रांत ती मला अधिक विश्वासार्ह वाटते.

सह्यगिरी यांनी एक्सएमपीविषयी जे लिहिले आहे, त्याला एक पुरवणी जोडते. डार्कटेबल चित्र आयात करताना लाइटरूमची एक्सएमपी फाइल वाचते आणि तारांकने, कीवर्ड व काही निवडक बदल उचलते. पण दोन्हींचे गणित वेगळे असल्याने रंग हुबेहूब जुळत नाहीत. शिवाय नावाची पद्धत वेगळी आहे. लाइटरूम रॉ फाइलच्या नावातील शेवटचा भाग गाळून त्यापुढे एक्सएमपी लावते, तर डार्कटेबल संपूर्ण नावापुढे लावते. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये दोघांच्या फाइल शांतपणे शेजारी राहतात, पण कोणती कोणाची हे माहीत नसेल तर नको ती पुसली जाते. जुनी लग्ने लिनक्सवर नेताना त्यांच्या पूर्ण संपादित प्रती टिफ किंवा उत्तम दर्जाच्या जेपेगमध्ये काढून ठेवाव्यात आणि डार्कटेबलमध्ये नव्या लग्नापासून सुरुवात करावी.

आपल्या परिस्थितीत मी लिनक्सचा उपयोग वेगळ्या ठिकाणी सुचवेन. जुने यंत्र फेकून देऊ नका. त्यावर लिनक्स घालून ते साठ्याचे यंत्र म्हणून वापरता येईल. त्याला एनटीएफएस डिस्क वाचता-लिहिता येतात. त्यासाठीचा एनटीएफएस३ हा ड्रायव्हर २०२१मधील ५.१५ आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे.

चंद्रभागा

मी पंढरपुरात अनेक स्टुडिओंसाठी अल्बमची शीट बनवतो, त्यामुळे मला या प्रश्नाची दुसरी बाजू रोज दिसते. रॉ संपादन कोणत्याही यंत्रावर नेता येते. खरी गाठ अल्बमच्या सॉफ्टवेअरपाशी आणि मराठी अक्षरांपाशी आहे.

डोंगल लागणारे विंडोजचे सॉफ्टवेअर नव्या मॅकवर चालेल, असे गृहीत धरू नये. पूर्वी इंटेल मॅकवर बूट कॅम्पने विंडोज टाकता येत असे. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर ती सोय नाही. तिथे एआरएम प्रोसेसरसाठीचे विंडोज आभासी पद्धतीने चालते, आणि डोंगलचा ड्रायव्हर सामान्य इंटेल विंडोजसाठी लिहिलेला असला तर तो तिथे बसत नाही. विक्रेत्याकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फॉन्टविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण याकडे दुर्लक्ष होते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘चि. सौ. कां.’ हा मजकूर संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांची एक रांग असते आणि तो विशिष्ट फॉन्ट असेल तेव्हाच ती मराठी दिसते. फॉन्टची फाइल मॅकवर बसेलही, पण टाइप करण्याचा कीबोर्डचा कार्यक्रम विंडोजसाठीच असेल तर नवीन मजकूर लिहिता येणार नाही. यंत्र बदलण्याच्या आधीच, आहे त्या विंडोजवर, युनिकोडमध्ये लिहिण्याची सवय करावी. मुक्त परवान्याचे ‘मुक्त’, ‘बलू’ असे फॉन्ट शीर्षकांना शोभतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये ल आणि श ही अक्षरे आपल्या मराठी वळणाची येतात. पत्रिकेवर आणि अल्बमच्या पहिल्या पानावर हे वळण घरातील वडीलधाऱ्यांच्या नजरेत भरते. फोटोशॉपमध्ये देवनागरीची जोडाक्षरे तुटत असतील, तर मजकुराच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी मांडणी निवडावी. ती निवडली की रफार आणि वेलांट्या जागेवर बसतात.

मेमरीचेही गणित मांडतो. बारा बाय छत्तीस इंचांचे शीट ३०० डीपीआयला ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेलचे होते, म्हणजे सुमारे ३.९ कोटी पिक्सेल. आठ बिटांतील एक पूर्ण थर साधारण ११७ एमबी जागा घेतो. फ्रेम, पार्श्वभूमी, मुखवटे आणि मजकूर धरून पंधरा-वीस थर सहज होतात, आणि एका वेळी तीन-चार शीट उघडी असतात. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की अल्बमचे काम असेल तर ३२ जीबीपेक्षा कमी मेमरी घेऊ नये. नव्या मॅकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही, तर असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये ती गावातल्या दुकानातही वाढवून मिळते. तालुक्याच्या ठिकाणी हा फरक फार मोठा असतो.

बदलाची वेळही विचारपूर्वक ठरवावी. मुहूर्त चालू असताना यंत्र बदलू नये. यंदा (२०२६) मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ येतो आणि आषाढीपासून चातुर्मास लागतो. शिकण्यासाठी आणि साठा हलवण्यासाठी याहून योग्य काळ मिळणार नाही.

पाचवीपायरी

मूळ विषयाला धरूनच विचारते. एका ओळखीच्या स्टुडिओकडून मोठ्या पडद्याचा इंटेल आयमॅक स्वस्तात मिळतो आहे. सुरुवातीसाठी तो घेतला तर चालेल का?

सह्यगिरी

पाचवीपायरी, माझ्या मते घेऊ नये. मॅकओएस २६ ही इंटेल मॅकना मिळणारी शेवटची आवृत्ती आहे, असे अ‍ॅपलने जाहीर केले आहे, आणि तीसुद्धा मोजक्याच इंटेल मॉडेलांवर चालते. विंडोज १०मुळे धागाकर्त्यांवर आज जी वेळ आली आहे, तीच आपल्यावर लवकर येईल. जुनाच मॅक घ्यायचा असेल तर किमान एम१ चिपचा, १६ जीबी मेमरीचा पाहावा.

गोदातीर

मी नाशिकला छपाईच्या लॅबमध्ये काम करते. रंगाबाबत अद्याप कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

‘मॅकवर रंग खरे दिसतात’ हे वाक्य आमच्या काउंटरवर सतत ऐकू येते. त्यात तथ्य एवढेच आहे की मॅकमध्ये कलरसिंक ही रंगव्यवस्था संपूर्ण प्रणालीत काम करते, तर विंडोजवर अनेक कार्यक्रम मॉनिटरच्या प्रोफाइलकडे पाहतच नाहीत. त्यामुळे विंडोजवर विस्तृत रंगपट्ट्याचा मॉनिटर लावला की फोटोशॉपमध्ये चित्र बरोबर आणि साध्या दर्शकात तेच चित्र भडक दिसते. पण कॅलिब्रेट न केलेला मॉनिटर दोन्हीकडे तितकाच फसवतो. मॅक मिनी घेतला तर मॉनिटर आपलाच असणार, म्हणून कॅलिब्रेशनचे उपकरण आधी घ्यावे किंवा भाड्याने आणावे. डी६५ पांढरा, गॅमा २.२ आणि प्रकाशमान १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर हे छपाईसाठी चालणारे लक्ष्य आहे. ‘प्रिंट काळपट आली’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा छपाई नसते, अतिशय उजळ ठेवलेला मॉनिटर असतो.

लग्नाच्या कामात शालूचा गडद लाल, झेंडूचा केशरी आणि हळदीचा पिवळा हे रंग एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपट्ट्याच्या कडेला जाऊन पोहोचतात. मॅकच्या पी३ या अधिक विस्तृत रंगपट्ट्याच्या पडद्यावर शालूच्या चुण्या दिसतात आणि एसआरजीबीत बदलल्यावर त्या ठिकाणी सपाट लाल डाग उरतो. शीट पाठवण्याच्या आधी सॉफ्ट प्रूफ (छपाईत रंग कसे येतील याची पडद्यावरची झलक) चालू करून लाल वाहिनी तपासावी आणि आवश्यक तिथे रंगाची तीव्रता थोडी उतरवावी. फाइल एसआरजीबीत रूपांतरित करून, प्रोफाइल आत ठेवूनच पाठवावी. केवळ प्रोफाइल ‘असाइन’ करणे आणि ‘कन्व्हर्ट’ करणे यांत गल्लत झाली की नवरीचा चेहरा फिकट होतो.

आणखी एक व्यावहारिक बाब आहे. मॅकवरून एक्सफॅट पेनड्राइव्हवर फाइल घेतल्या की प्रत्येक फाइलच्या जोडीला टिंब आणि अधोरेखेने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल तयार होते. ती मॅकवर दिसत नाही, आमच्या विंडोज यंत्रावर मात्र जेपेग म्हणूनच दिसते आणि उघडत नाही. मग ‘तुमच्या निम्म्या फाइल खराब आहेत’ असा फोन जातो. फाइल खराब नसतात. तरीही पाठवण्यापूर्वी त्या काढून टाकल्या तर दोन्हीकडचा वेळ वाचतो.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. वरील माहितीवरून आमच्यापुरता आराखडा असा ठरतो आहे. निवड आणि रंगदुरुस्तीसाठी मॅक मिनी घ्यावा, चंद्रभागा यांचा सल्ला मानून ३२ जीबी मेमरीचा. आणि अल्बमची शीट सध्याच्याच डेस्कटॉपवर करावीत. त्या डेस्कटॉपचे इंटरनेट बंद ठेवून तो फक्त डोंगलच्या कामासाठी राखून ठेवता येईल. मॅक मिनीला वीज फार कमी लागते, त्यामुळे लाइट गेल्यावर साध्या यूपीएसवरही काम जतन करून यंत्र नीट बंद करता येईल, हेही आमच्या भागात महत्त्वाचे आहे.

दोन शंका उरल्या आहेत. आम्हा दोघांना एकच कॅटलॉग नेटवर्कवरून वापरता येईल का? आणि आमच्या फोल्डरांची नावे देवनागरीत आहेत, उदाहरणार्थ ‘वऱ्हाड आगमन’, ‘दुसऱ्या दिवशीची पूजा’. ती सुरक्षित राहतील का?

मांडवी

पहिल्याचे उत्तर नाही असे आहे. लाइटरूम क्लासिक नेटवर्कवरील जागेत ठेवलेला कॅटलॉग उघडत नाही. प्रत्येक लग्नाचा स्वतंत्र कॅटलॉग करून तो बाह्य एसएसडीवर ठेवावा आणि एका वेळी एकानेच वापरावा, किंवा दोघांनी लग्ने वाटून घ्यावीत.

दुसरी शंका फार मोलाची आहे, आणि आपण दिलेली दोन्ही उदाहरणे नेमकी तिथेच बोट ठेवणारी आहेत. बहुतेक देवनागरी अक्षरे सर्व प्रणालींत एकसारखी साठवली जातात. परंतु वऱ्हाड, दुसऱ्या, तऱ्हा यांतील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा र आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशी जोडी म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नाव साठवताना अशा अक्षरांची फोड करत असे. एपीएफएस नाव दिले तसेच ठेवते आणि दोन्ही रूपांना एकच मानते. एनटीएफएस आणि लिनक्सच्या नेहमीच्या पद्धती मात्र त्यांना दोन वेगळी नावे समजतात. परिणामी जुन्या मॅक डिस्कवरून फिरून आलेले ‘वऱ्हाड आगमन’ आणि विंडोजवर टाइप केलेले ‘वऱ्हाड आगमन’ ही एकाच ठिकाणी दोन वेगळी फोल्डर म्हणून उभी राहू शकतात, आणि बॅकअपचा कार्यक्रम एकाला जुने समजून पुसू शकतो.

मराठी नावे सोडावीत असे मी म्हणणार नाही. त्यांच्या आधी तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने अंकांत लिहावी, म्हणजे दोन रूपे शेजारी आली तर लगेच लक्षात येतील. नव्या डिस्क एचएफएस प्लसमध्ये फॉरमॅट करू नयेत. आणि ‘ऱ’ असलेली नावे हलवण्यापूर्वी शोधून त्यांची यादी करावी.

सह्यगिरी

आराखडा मला पटतो. एकच गोष्ट त्यात घालावी. एनटीएफएस डिस्कवरील साठा एपीएफएस डिस्कवर नेल्यावर दोन्हींकडील फोल्डरांच्या आकाराचे आकडे ताडून समाधान मानू नये, कारण जागा मोजण्याची पद्धत दोन्हीकडे वेगळी आहे आणि बिघडलेली फाइलही तितक्याच आकाराची असू शकते. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलच्या आशयावरून काढलेला ओळखीचा आकडा) काढून तुलना करणारे साधन वापरावे; रात्री लावून ठेवले की सकाळपर्यंत एका डिस्कचे काम होते. जुळणी पूर्ण झालेल्या डिस्कवर तारखेची चिठ्ठी लावावी, तिची आणखी एक प्रत स्टुडिओबाहेर घरी ठेवावी, आणि त्यानंतरच मूळ डिस्क फॉरमॅट करून पुढचीला हात घालावा.